ल्यूबेनची हरकत

यासेनिक, १४ मे

दोन्काताई,

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत यातली बातमी शिळी होणार, हे आधीच सांगून ठेवतो. तुझं लेस्कोवा माझ्या अंगणातून दिसतं, दोन किलोमीटरवर, पण टपाल आमच्या राजधानीला, स्कोप्येला जाणार, तिथून तुमच्या राजधानीला, सोफियाला, आणि मग डोंगर चढून तुझ्याकडे. फोनवर बोलावं तर तू पडलीस चाळीस वर्षं पोस्टमास्तरीण. पाकिटात नाही ते बोलणंच नाही म्हणतेस.

तर बातमी. यासेनिकला आगीचा बंब मिळाला! नवा कोरा, लालभडक, आठ हजार लिटरचा. युरोपियन युनियनने दिला. आम्हाला युनियनमध्ये घ्यायचं घोडं गेली वीस वर्षं अडलंय, हल्ली तुमच्याच सरकारच्या हरकतीवर, तर निदान बंब तरी घ्या, असं काहीसं असावं. समारंभाला आमचे मंत्री आले, तुमच्याकडचे उपमंत्री आले. दोघांच्या मध्ये दुभाष्या. मंत्र्यांनी विनोद केला की उपमंत्री लगेच हसायचे, मग दुभाष्याचं सांगून झालं की पुन्हा हसायचे. आम्ही मागे उभे राहून दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

बंबाच्या दारावर मोठा फलक आहे: 'सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांच्या सुरक्षेसाठी'. शेजारी म्हणजे तुम्ही लेस्कोवाची नऊ माणसं. मी भाबडेपणाने विचारलं, की साहेब, सीमेवरच्या फाटकाला तर कुलूप आहे. आमच्या बाजूने डांबर फाटकापर्यंत, त्यांच्या बाजूने डांबर फाटकापर्यंत, मध्ये कुलूप. मंत्री म्हणाले, फाटक लवकरच उघडणार. हे 'लवकरच' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते.

पथकाचा प्रमुख मीच. जंगल खात्यातून निवृत्त झालेला दुसरा कोण मोकळा आहे?

ऑगस्टात संत इलियाच्या सणाला फाटक एक दिवस उघडेल तेव्हा मेळ्यात भेटूच. झऱ्यापाशी. तुझ्या घरी मात्र मी येणार नाही, हे तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी भर मेळ्यात तुझा नवरा म्हणाला, 'मेतो, तुझ्या बापाला आपण कोण ते कधी कळलंच नाही. तुमचा देश-भाषा वेगळी कसली, तुम्ही आमचेच, फक्त विसरलात.' माझा बाप तुझा सख्खा मामा होता, ताई. ल्यूबेन ते शब्द मागे घेत नाही तोवर मी तुमचा उंबरा ओलांडणार नाही. तुमच्या सरकारने आम्हाला अटी घालायच्या आणि आम्ही एकही घालायची नाही, असं थोडंच आहे?

तुझा,
मेतो

~

लेस्कोवा, २७ मे

मेतो,

पत्र बाराव्या दिवशी मिळालं. माझ्या वेळी सात दिवसांत यायचं, आणि तेव्हा मध्ये तारेचं कुंपण आणि कुत्री होती. प्रगती म्हणतात ती हीच.

बंब मी पाहिला. म्हणजे लाल ठिपका पाहिला, आणि तुमचं बँडवादन ऐकलं. छान बेसूर होतं. आमच्या सुरक्षेसाठी एवढी मंडळी घसा फोडून बोलली, मला भरूनच आलं. आमच्याकडे आगीची व्यवस्था म्हणजे एक नंबर आहे. फोन केला की बाई म्हणतात, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

आता एक गंमत. गावाचं सरपंचपद कोणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. कपाटात मेळ्याचा जुना करार सापडला. आगीसाठी फाटक उघडायचं तर दोन राजधान्यांची परवानगी लागते. मेळ्यासाठी मात्र दोन गावांच्या सरपंचांनी हो म्हटलं की पुरे! दिवस कोणता, तर 'इलियाचा, किंवा दोन्ही गावांना जो सणाचा वाटेल तो'. सकाळी आठ ते दुपारी चार, सजवलेल्या वाहनांसह. म्हणजे जळत असाल तर थांबा, नाचत असाल तर या. प्रत सोबत जोडली आहे. मंत्र्यांना दाखव, त्यांना वाचायची सवय असेल तर.

ल्यूबेनचं म्हणशील तर तो आराम करतो. खिडकीशी पडून असतो. तुझा नमस्कार तू लिहिला नाहीसच, तरी मी सांगितला.

दोन्का

~

यासेनिक, १० जून

ताई,

आराम करतो! गेल्या वर्षी मेळ्याला तू एकटी आलीस, म्हणालीस त्याला गवत कापायचंय. आता गवतही संपलं वाटतं. माफीचे दोन शब्द लिहायला माणसाला उठावं लागत नाही. तुझ्या पत्राखाली एक ओळ खरडली असती तरी चाललं असतं.

असो. मी जकात कचेरीत रीतसर विचारलं, की समजा लेस्कोवाला आग लागली तर बंब कसा न्यायचा. समोरचा माणूस फार सौजन्याने बोलला. म्हणाला, मोठ्या नाक्यावरून जा. म्हणजे एकशे तीस किलोमीटरचा वळसा. वर म्हणाला, बंब रिकामा असेल तर ते वाहन, भरलेला असेल तर तो माल. मालासाठी पाणी कुठल्या झऱ्याचं त्याचा दाखला, तीन प्रतींत, बहात्तर तास आधी. मी म्हटलं, आग बहात्तर तास आधी कळवत नाही. तो म्हणाला, हा तुमच्या बाजूचा प्रश्न आहे.

आणि हो, संयुक्त कवायत झाली! तळ्याकाठच्या हॉटेलात, तीन दिवस. पडद्यावर आग दाखवली, पडद्यावरच विझवली. जेवणात ट्राउट मासा होता. नाटोचा एक अधिकारी म्हणाला, या प्रदेशाची सुरक्षा म्हणजे युरोपची सुरक्षा. बरोबरच आहे. युरोपसाठी मरायची परवानगी आम्हाला केव्हाच मिळाली आहे, राहायची तेवढी बाकी आहे.

पाऊस नाही. डोंगर वाळून कडकडीत झालाय. तुझ्या घरामागचे पाइन खालून साफ करून घे. त्या आळशाला सांग, खिडकीतून निदान लक्ष ठेव म्हणावं.

मेतो

~

लेस्कोवा, ५ जुलै

मेतो,

उशीर झाला, कामं होती. पाइन खालून मीच साफ केले, जमले तेवढे. एक्काहत्तर वर्षांच्या बाईला जमतात तेवढे.

तू माझ्या नवऱ्याला आळशी म्हणू नकोस. मला ते आवडत नाही. यापुढे म्हणालास तर पत्र उघडणार नाही, आणि मी उघडलं नाही तर ते परत पाठवायचं कसं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

तुमचं आमचं भांडण आमच्या संसदेत पुन्हा गाजलं. कोण कोणाचा, कोणाचा वीर कुठे पुरला, यावर पाच तास चर्चा. तुमच्या युनियन-प्रवेशाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. भिजत घोंगडं ते भिजतच राहिलं. टीव्ही मी बंद केला. ल्यूबेनला विचारलं, पुढे ऐकायचंय का? त्यालाही नको होतं.

काल दक्षिणेला धूर दिसला, मग विरला.

दोन्का

~

लेस्कोवा, २१ जुलै

मेतो,

धड पोचलास ना घरी? डांबरावरून लंगडत जाताना पाहिलं, नंतर वळणापाशी दिसेनासा झालास. हाताचं भाजलेलं कोणाला तरी दाखव. दही लावू नकोस, तुझी आई लावायची आणि फोड यायचे.

मी इथे बसून होते, मला फाटकावर काय झालं ते काहीच माहीत नाही. ते तू लिही. माझ्या बाजूचं मी लिहिते.

सकाळी अकराला कड्यावरून आग उतरली. त्या नंबरवर फोन केला. हेलिकॉप्टर निघतंय म्हणाले. कधी? म्हणाले, दुरुस्त झालं की. बाराला पायथ्याच्या गावातून व्हॅन आली, सात जणांना घेऊन गेली. ल्यूबेन तिच्यात बसेना, म्हणजे बसवता येईना. चालक म्हणाला परत येतो. तो देवमाणूस आला असताही, पण खालचा रस्ता पेटला. मग आम्ही दोघंच राहिलो.

दीडला तुला फोन केला. म्हटलं, आग स्मशानाच्या पाइनपर्यंत आलीय आणि ल्यूबेन उठत नाही. तू म्हणालास, 'अजून रुसलाय?'

मग मला सांगावंच लागलं. गेल्या वर्षी ईस्टरनंतर त्याला झटका आला, मेतो. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलंच म्हण. चौदा महिने मी तुला 'आराम करतो' लिहीत होते. कळलं असतं तर तू दया आली म्हणून आला असतास, आणि त्याने तुझी दया करून घेतली नसती. त्यापेक्षा तुम्ही दोघं भांडलेले बरे, असं मला वाटलं. चुकलं माझं.

फोनवर तू घसा खरवडून ओरडलास, 'तू सरपंच आहेस ना? मग आज सण आहे म्हण!' मला वाटलं, धुराने याचं डोकं फिरलं. तरी मी म्हणाले, आज सण आहे. तू फोन ठेवलास.

मी त्याच्या अंगावर ओल्या चादरी घातल्या आणि शेजारी बसले. मला भीती वाटत होती, खूप भीती. आणि तेवढ्यात धुरातून ढोल ऐकू आला.

आमचं घर राहिलं, आणखी पाच राहिली. शाळा गेली. पोस्ट ऑफिसही गेलं, खणांच्या कपाटासकट. चाळीस वर्षं त्या खणांत मी सगळ्या जगाची पत्रं लावली. इमारत रिकामीच होती, बंद होऊन आठ वर्षं झाली होती, तरी मी रडले. हे लिहून ठेवते, नंतर कबूल करणार नाही.

दोन्का

~

यासेनिक, ४ ऑगस्ट

ताई,

हात बरा आहे. दही लावलं होतं. फोड आले.

फाटकाचं ऐक. आम्ही बंब घेऊन पोचलो तर आमचा सार्जंट पांचे बंदूक आडवी धरून उभा. त्याच्या लग्नात मी नाचलोय. म्हणाला, मेतोकाका, परवानगी आणा. म्हटलं, स्कोप्येला फोन कर. त्याने केला. साहेब जेवायला गेले होते.

मग मी तुझा करार काढला. आमच्या सरपंचाकडून फोनवर 'सण आहे' वदवून घेतलं, तुझ्याकडून घेतलंच होतं. पांचे म्हणाला, सण कसला? म्हटलं, ते दोन गावं ठरवतील, असं इथे लिहिलंय. तो म्हणाला, मेळ्याला वाहनं सजवलेली लागतात. मग गावातल्या बायकांनी लग्नातले भरतकामाचे टॉवेल आणले आणि आरशांना बांधले. बंपरवर तुळस. रमिझ ढोल घेऊन आला, त्याचा भाऊ सनई घेऊन. आणि दुपारी अडीच वाजता, डोक्यावर राख पडत असताना, यासेनिकचे अठरा म्हातारे-म्हाताऱ्या हातात हात धरून नाचत सीमेकडे निघाले. अर्धे खोकत होते. मी मागे बंबात.

पांचेने विचारलं, सायरन कशाला? म्हटलं, वाद्य आहे.

तुमच्या बाजूला तो फिनलंडचा उंच माणूस, युनियनची सीमा राखायला आलेला. त्याने करार मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सरकारी कागद पूर्ण वाचणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मग वर धूर पाहिला, किल्ली काढली आणि म्हणाला, चार वाजेपर्यंत. आमच्या बायकांनी त्याचा हात धरून त्यालाही साखळीत ओढलं. नाचला बिचारा. पाय चुकत होते, पण नाचला.

पुढचं तू पाहिलंस. दोनदा ओढ्यावरून पाणी भरलं, आणि आग हटली तेव्हा पाच वाजून गेले होते. चार वाजता सण संपल्यामुळे त्यानंतरचा बंब बेकायदा. माणसांनी चालत जावं, वाहन इथेच राहील, असं तुमच्या जकातवाल्याने सांगितलं. आग विझल्यावर तो मात्र वेळेत पोचला होता.

आता मुख्य गोष्ट. तू चौदा महिने खोटं लिहिलंस आणि मी चौदा महिने त्या माणसाला टोमणे मारले. मला स्वतःची लाज वाटते आणि तुझा रागही येतो. दोन्ही आहे, कमी-जास्त सांगता येत नाही.

पण तू म्हणतेस बोलणं गेलं, तर ऐक. तू बाहेर कोंबड्या शोधत होतीस तेव्हा मी त्याच्या खाटेपाशी बसलो होतो. उंबरा केव्हा ओलांडला ते माझं मलाच कळलं नव्हतं. तांब्याभर पाणी त्याला पाजलं. मग विचारलं, 'ल्यूबेन, माझ्या बापाबद्दल तू बोललास, ते अजूनही खरं मानतोस?' तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'नाही.' स्वच्छ, ठणठणीत. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही 'नाही'. तर मिटलं आमचं. माझी अट पूर्ण झाली, तू आता त्यावरून डोकं शिणवू नकोस.

यंदा इलियाचा मेळा रद्द झाला, सुरक्षेच्या कारणास्तव. परवा फाटकापाशी गेलो तर कुलूप नवीन बसवलंय. चांगलं मजबूत आहे.

मेतो

~

लेस्कोवा, १७ ऑगस्ट

मेतो,

संयुक्त समिती येऊन गेली. दोन्ही देशांचे मिळून अकरा जण, दोन दुभाषे. वीस वर्षांत एवढ्या एकमताने काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. निष्कर्ष असा, की 'लोकपरंपरेचा अग्निशमनासाठी गैरवापर' झाला. मी विचारलं, आग लागली तेव्हा तुमची परंपरा काय होती? ते नोंदवून घेतलं नाही.

तुझा बंब माझ्या अंगणात उभा आहे. दारांवर कागदी सील लावलंय. टॉवेल काढायलाही मनाई आहे, पुरावा म्हणून. खाली कोंबड्या अंडी घालतात. तुमच्या देशाची वीस वर्षं धडपड चालली आहे आणि युनियनमध्ये शिरला कोण, तर बंब! कुठलीही अट न पाळता. आता तो परत जाऊ शकत नाही, कारण तो इथे आलाच कसा याची परवानगी नाही.

हे झालं हसण्यावारी न्यायचं. दुसरं सांगते, ते मन घट्ट करून वाच. काल तुझं पत्र आल्यापासून मी हे लिहू की नको करत होते, पण एकदा लपवून पाहिलं, पुन्हा लपवणार नाही.

झटक्यानंतर ल्यूबेनला एकच शब्द येतो. 'नाही.' भूक लागली? नाही. झोपायचंय? नाही. माझं नाव घे म्हटलं तरी नाही. डॉक्टर म्हणतात असं होतं, एखादा शब्द उरतो. मी त्याला म्हणते, तुझ्यात आणि आपल्या सरकारात आता काही फरक राहिला नाही. तो त्यावरही नाहीच म्हणतो, आणि डाव्या बाजूने हसतो.

म्हणून तुला तो जे म्हणाला ते उत्तर नव्हतं, मेतो. त्याच्याकडे दुसरं काही म्हणायला नव्हतंच. तुला किती बरं वाटलं ते पत्रातून कळत होतं, म्हणून मला फार वाईट वाटतंय. रागावू नकोस त्याच्यावर. तुझी अट पूर्ण झालीच नाही, आणि कधी होईल असं मला वाटत नाही. तू घरी आला नाहीस तरी मी समजून घेईन.

दोन्का

~

यासेनिक, ३० ऑगस्ट

दोन्काताई,

अगं, मला माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. पहिल्यांदा विचारलं, पाणी हवं? म्हणाला, नाही. आणि डाव्या हाताने तांब्या ओढून सगळा संपवला. विचारलं, खिडकी लावू? नाही, आणि डोळ्यांनी खिडकीकडेच बघत राहिला. मी लावली, तर निवांत झाला. चाळीस वर्षं जंगलात काढली मी, ताई, मुक्या जनावराला काय हवंय ते मला कळतं, तर ल्यूबेनचं कळणार नाही?

तेव्हा मी बसून नीट विचार केला, की या माणसाकडे एकच शब्द उरलाय, तर तो कोणत्या प्रश्नाला लावायचा. 'माफी मागतोस का?' विचारलं असतं तर आमचं भांडण मरेपर्यंत टिकलं असतं. म्हणून उलट विचारलं. आणि तो नुसतं 'नाही' म्हणाला नाही. दुसऱ्यांदा म्हणताना त्याने माझी बाही धरली होती, भाजलेल्या बाजूची, आणि बराच वेळ सोडली नाही. मी दुखतंय म्हटलं नाही. दोघंही रडलो आम्ही. तू कोंबड्या घेऊन आलीस तेव्हा 'धुराने डोळे झोंबतात ना' असं मी त्यालाच म्हणत होतो.

तुला खरं लिहिलं नाही, कारण तुला वाटावं की तो एकदा का होईना बोलला. तू चौदा महिने लपवलंस, मी महिनाभर. फिटलं.

बंब परत मिळवायला मला स्वतः हजर राहून अर्ज द्यायचा आहे, असं तुमच्या समितीचं पत्र आलंय. मोठ्या नाक्यावरून, तीन प्रतींत. त्यांचे आभार मान. हे पत्र तुला मिळेल अशा हिशेबाने दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सकाळच्या बसने निघतो, एकशे तीस किलोमीटर फिरून संध्याकाळपर्यंत पोचेन, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुमच्याकडेच राहीन. त्यांचा वेग पाहता सरपण मलाच फोडावं लागणार, हिवाळ्याचंसुद्धा. मिरच्या भाजायला ठेव, आपण मिळून भाजू.

ल्यूबेनला मात्र आधी रीतसर विचार. हे शब्द जसेच्या तसे वापर, स्वतःचे घालू नकोस: 'मेतो राहायला आला तर तुझी काही हरकत आहे का?'

तुझा,
मेतो